तुमची फाईल कोणाच्या कपाटात?

डिसेंबर १९७३ मध्ये 'पायोनियर १०' हे यान गुरू ग्रहाजवळून गेलं. माणसानं बनवलेलं, तिथवर पोहोचलेलं ते पहिलं यान. ते बांधलं होतं टीआरडब्ल्यू नावाच्या अमेरिकी कंपनीनं. याच कंपनीचा त्या काळी आणखी एक उद्योग होता. अमेरिकेतल्या कोट्यवधी लोकांनी हप्ते वेळेवर भरले की थकवले, याच्या नोंदी ती संगणकात साठवायची आणि विकायची. १९९६ मध्ये तिनं हा नोंदींचा धंदा विकून टाकला. धंद्याला नवं नाव मिळालं: एक्स्पिरियन. तुम्ही गृहकर्ज घेतलं असेल किंवा क्रेडिट कार्ड वापरत असाल, तर या एक्स्पिरियनच्या भारतातल्या कंपनीकडे तुमच्या नावाची फाईल आहे!

दुसरी कंपनी ट्रान्सयुनियन. १९६८ साली ती जन्मली ती रेल्वेच्या तेलवाहू वाघिणी भाड्यानं देणाऱ्या एका उद्योगाची मालक म्हणून. हा उद्योग एकेकाळी रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलचा भाग होता. पुढच्याच वर्षी ट्रान्सयुनियननं शिकागो परिसरातला कर्जनोंदींचा एक ब्युरो विकत घेतला. त्याच्याकडे ३६ लाख कार्डं होती, सात-सात खणांच्या ४०० कपाटांत रचून ठेवलेली. आज आपण ज्याला नुसतं 'सिबिल' म्हणतो, त्या मुंबईच्या कंपनीत २०१७ पासून ९२ टक्के मालकी या ट्रान्सयुनियनची आहे.

तिसरी इक्विफॅक्स. तिची सुरुवात तर किराणा दुकानांपासून झाली. ती गोष्ट पुढे येईलच.

या सगळ्यात मला सतत खटकत आलेली गोष्ट अशी: माहिती आपली, फाईल आपल्या नावाची, पण कपाटाची किल्ली अशा कंपनीकडे जिच्याशी आपला कधी व्यवहारच झालेला नाही. आपण तिचे ग्राहक नाही. तिचे ग्राहक म्हणजे बँका, विमा कंपन्या, जाहिरातदार. आपण तिचा माल आहोत. आणि हे आजचं नाही, दोनशे वर्षांपासून चालत आलं आहे.

शिंपी, रेशीमवाला आणि अब्राहम लिंकन

एक्स्पिरियन आपली मुळं थेट १८०३ पर्यंत नेते. लंडनच्या काही शिंप्यांनी तेव्हा पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकांची नावं एकमेकांना कळवायला सुरुवात केली. सूट शिवून घ्यायचा आणि बिल न देता दुसरा शिंपी गाठायचा, हा उमरावांचा जुना रिवाज त्यामुळे अवघड झाला.

अमेरिकेत हे काम मोठ्या प्रमाणावर उभं केलं ते लुईस टॅपन या रेशमाच्या व्यापाऱ्यानं. हा माणूस गुलामगिरीचा कट्टर विरोधक होता. 'आमिस्टाड' जहाजावरच्या आफ्रिकी बंदिवानांच्या सुटकेसाठी लढणाऱ्यांत तो आघाडीवर होता. १८३७ च्या मंदीत त्याचा व्यापार बुडाला. उधारी कोणाला द्यावी आणि कोणाला देऊ नये, हे कळायला हवं होतं असं त्याच्या मनानं घेतलं आणि १८४१ मध्ये त्यानं न्यूयॉर्कमध्ये 'मर्कंटाइल एजन्सी' काढली. गावोगावचे वकील तिचे वार्ताहर असत. कोणाचा धंदा कसा आहे, कोण दारू पितो, कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा, हे सगळं ते लिहून पाठवत. या वार्ताहरांत इलिनॉयमधला एक वकील होता, त्याचं नाव अब्राहम लिंकन!

त्या एजन्सीचे अडीच हजारांहून जास्त जाडजूड खंड आज हार्वर्डच्या बेकर लायब्ररीत आहेत. इतिहासकारांना ती सोन्याची खाण वाटते. पण ज्याच्याबद्दल लिहिलं जाई, त्याला हा मजकूर कधी दाखवला जात नसे. पैसे भरणारा व्यापारी एजन्सीच्या कचेरीत येई आणि तिथला कारकून त्याला नोंद वाचून दाखवी. ज्याची नोंद, तो सोडून बाकी सर्वांना ती ठाऊक! पुढे शंभर-सव्वाशे वर्षं या धंद्याचा हाच शिरस्ता राहिला.

वाण्याच्या यादीतून

आता इक्विफॅक्स. केटर वुलफर्ड या माणसानं टेनेसीतल्या चॅटनुगा गावात किराणा दुकानदारांसाठी गिऱ्हाइकांची यादी तयार केली: कोण बिल चुकतं करतं, कोण करत नाही. यादी इतकी खपली की १८९९ मध्ये त्यानं भाऊ गाय याच्यासह अटलांटात 'रिटेल क्रेडिट कंपनी' सुरू केली. दोघं भाऊ दुकानोदुकानी फिरून नोंदी गोळा करत आणि पुस्तक छापून तेच पुस्तक त्याच दुकानदारांना विकत. प्रत्येक नावापुढे शेरा असे: 'वेळेवर देतो', 'उशिरा देतो', 'रोख घ्या'.

इथवर सगळं ठीक वाटतं. पण मग विमा कंपन्या गिऱ्हाईक झाल्या आणि प्रश्नच बदलले. कंपनीचे निरीक्षक शेजाऱ्यापाजाऱ्यांना गाठून विचारू लागले: हा माणूस पितो का? नवरा-बायकोचं पटतं का? चालचलन कसं आहे? उत्तरं फाईलला लागत. १९६० च्या दशकापर्यंत अशा फायली कोट्यवधींच्या घरात गेल्या आणि कंपनी त्या संगणकावर चढवायच्या तयारीला लागली. तेव्हा लोक जागे झाले. अमेरिकी काँग्रेससमोर साक्षी झाल्या, सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी विषय लावून धरला आणि १९७० मध्ये कायदा झाला. आपल्या फाईलमध्ये काय आहे ते जाणून घेण्याचा आणि चूक असेल तर हरकत घेण्याचा हक्क अमेरिकी नागरिकाला पहिल्यांदा मिळाला. पाच वर्षांनी, १९७५ मध्ये, कंपनीनं नाव बदलून 'इक्विफॅक्स' केलं.

अख्खं गाव थकबाकीदार

१९९१ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात नॉर्विच नावाच्या टुमदार गावात विचित्र प्रकार सुरू झाला. चांगल्या खात्यापित्या घरच्या लोकांची कर्जं नाकारली जाऊ लागली, क्रेडिट कार्डं अडू लागली. एकाची, मग दुसऱ्याची, मग गल्लीतल्या सगळ्यांची. शोध घेतल्यावर कारण सापडलं. टीआरडब्ल्यूला मालमत्ता कर थकवणाऱ्यांची यादी हवी होती. त्यासाठी नेमलेल्या व्यक्तीनं गावच्या दप्तरातून चुकून कर भरणाऱ्यांची यादी उतरवून नेली. म्हणजे ज्यांनी इमानेइतबारे कर भरला, तेच सगळे थकबाकीदार ठरले!

ही गंमत म्हणून सांगितली जाते, पण तिच्यातला एक तपशील गंभीर आहे. एकट्यादुकट्याची नोंद चुकली असती तर त्यानं कोणाकोणाला पटवून दिलं असतं? चूक उघड झाली, कारण ती एकाच गावात सगळ्यांच्या बाबतीत झाली होती. याच व्हरमाँटनं २०१८ मध्ये माहितीच्या दलालांनी सरकारदरबारी नाव नोंदवलंच पाहिजे, असा अमेरिकेतला पहिला कायदा केला.

सातशे डॉलरची सीडी

१९९० मध्ये लोटस या सॉफ्टवेअर कंपनीनं इक्विफॅक्सशी हातमिळवणी करून एक नवं उत्पादन जाहीर केलं, 'मार्केटप्लेस: हाउसहोल्ड्स'. सीडीवर १२ कोटी अमेरिकनांची माहिती: नाव, पत्ता, वयोगट, उत्पन्नाचा अंदाज, खरेदीच्या सवयी. किंमत सुमारे ७०० डॉलर. कोणाही छोट्या दुकानदारानं घ्यावी आणि आपल्या संगणकात घालावी.

लोक खवळले. इंटरनेट तेव्हा सामान्यांपर्यंत पोहोचलेलं नव्हतं, तरी ज्यांच्याकडे ईमेल होतं त्यांनी निषेधाचे मजकूर एकमेकांना पाठवले आणि सुमारे ३०,००० लोकांनी आपलं नाव काढून टाकण्याची मागणी केली. जानेवारी १९९१ मध्ये सीडी बाजारात येण्याआधीच मागे घेतली गेली. त्या सीडीवर जे होतं त्याच्या कैक पट माहिती आज आपल्या नावानं विकली जाते. त्या ३०,००० जणांचा मला फार आदर वाटतो. एखादी गोष्ट अटळ आहे असं कोणी सांगायला लागलं की हे उदाहरण जरूर द्यावं.

स्कूल बसवाल्यानं काढलेली कंपनी

आर्कान्सा राज्यातलं कॉनवे हे लहानसं शहर. तिथे चार्ल्स वॉर्ड यांचा शाळेच्या बसगाड्या बनवण्याचा कारखाना होता. १९६९ मध्ये त्यांनी 'डेमोग्राफिक्स' नावाची कंपनी काढली. हेतू होता डेमोक्रॅटिक पक्षाला मतदारांना टपालानं पत्रं पाठवायला मदत करणं. तीच पुढे 'अॅक्झिऑम' झाली. २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं लिहिलं की या कंपनीकडे जगभरातल्या सुमारे ५० कोटी लोकांची माहिती आहे आणि माणशी सरासरी १,५०० मुद्दे. त्या वेळी हे नाव ऐकलेला सामान्य अमेरिकी माणूस शोधूनही सापडला नसता.

हे दलाल माणसांची वर्गवारी कशी करतात, ते २०१४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं नऊ कंपन्यांचा अभ्यास करून जगासमोर मांडलं. गटांची नावं वाचण्यासारखी आहेत. 'रूरल एव्हरलास्टिंग' म्हणजे वयाची ६६ वर्षं ओलांडलेले, एकटे, कमी शिकलेले, गाठीला फारसं काही नसलेले गावाकडचे लोक. 'अर्बन स्क्रॅम्बल' म्हणजे कमी उत्पन्नाची शहरी वस्ती, त्यात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो जास्त. 'मधुमेहात रस असलेले' असाही एक गट होता. मोटरसायकलची आवड असलेल्यांचा वेगळा गट. आता मोटरसायकलवाल्याला त्या यादीमुळे दुकानाचं सवलतीचं कूपन मिळू शकतं, किंवा विमा कंपनी त्याला जोखमीचा माणूस ठरवू शकते. कमिशननं हेच उदाहरण दिलं होतं. एका कंपनीकडे तर जवळपास प्रत्येक अमेरिकी ग्राहकाबद्दल ३,००० निकष होते. एका माणसाबद्दल तीन हजार! सख्ख्या आईलाही लेकराबद्दल इतकं सांगता येणार नाही.

नाव खोडलं म्हणजे झालं?

कंपन्यांचं ठरलेलं उत्तर असतं की आम्ही नावं काढून टाकतो, मग भीती कसली? याचा निकाल मॅसॅच्युसेट्समध्ये १९९० च्या दशकातच लागला.

तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या विमा विभागानं दवाखान्यांतल्या नोंदी संशोधकांना दिल्या. नाव, पत्ता काढलेला. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी जनतेला हमी दिली की कोणाचीही ओळख उघड होणार नाही. एमआयटीत शिकणाऱ्या लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीनं २० डॉलर मोजून गव्हर्नर राहत त्या केंब्रिज शहराची मतदार यादी विकत घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. गव्हर्नरसाहेबांची जन्मतारीख असलेले शहरात सहा जण. त्यांतले पुरुष तीन. त्यांच्या पिनकोडमध्ये राहणारा एकच. स्वीनीनं गव्हर्नरांचा वैद्यकीय इतिहास थेट त्यांच्याच कार्यालयात पाठवून दिला. पुढे तिनं दाखवून दिलं की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्या तीन गोष्टींवरून ८७ टक्के अमेरिकी लोक एकमेवपणे ओळखता येतात.

नेटफ्लिक्सलाही असाच धडा मिळाला. २००६ मध्ये सिनेमांची अचूक शिफारस करणारी पद्धत शोधणाऱ्यास १० लाख डॉलरचं बक्षीस लावून कंपनीनं सुमारे ४ लाख ८० हजार ग्राहकांनी दिलेले १० कोटी शेरे नावं काढून प्रसिद्ध केले. टेक्सास विद्यापीठातले अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह यांनी आयएमडीबी या सिनेमांच्या संकेतस्थळावर उघडपणे लिहिणाऱ्यांच्या शेऱ्यांशी ते जुळवले आणि माणसं ओळखून दाखवली. नेटफ्लिक्सनं दुसरी स्पर्धा २०१० मध्ये रद्द केली.

७६ दिवस

आता या क्षेत्रातली सगळ्यात गाजलेली चोरी. मार्च २०१७ च्या सुरुवातीला जाहीर झालं की 'अपाचे स्ट्रट्स' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भोक आहे, ताबडतोब दुरुस्ती बसवा. इक्विफॅक्समध्ये तशी सूचना फिरली, पण एका जुन्या तक्रार-पोर्टलवर दुरुस्ती बसलीच नाही. मेच्या मध्यावर चोर तिथून शिरले. आत त्यांना उघड्यावर ठेवलेले पासवर्ड मिळाले आणि त्यावरून त्यांनी कंपनीचे कितीतरी डेटाबेस धुंडाळले. आतबाहेर जाणाऱ्या माहितीवर नजर ठेवणारं यंत्र होतं, पण त्याचं डिजिटल प्रमाणपत्र कित्येक महिन्यांपूर्वी संपलेलं. जुलैअखेर कोणीतरी प्रमाणपत्राचं नूतनीकरण केलं आणि यंत्रानं लगेच चोर दाखवला! तोवर ७६ दिवस झाले होते.

सुमारे १४ कोटी ७० लाख अमेरिकनांची नावं, जन्मतारखा, पत्ते आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक गेले. कंपनीनं लोकांना सांगितलं ते ७ सप्टेंबरला. त्यासाठी वेगळं संकेतस्थळ काढलं. एका प्रोग्रामरनं त्याच्या नावातले दोन शब्द उलटसुलट करून हुबेहूब नकली संकेतस्थळ बनवलं, लोक किती सहज फसतील ते दाखवायला. आणि इक्विफॅक्सच्या अधिकृत ट्विटर खात्यानंच ग्राहकांना त्या नकली पत्त्यावर पाठवलं, तेही एकदा नाही, अनेकदा.

ऑक्टोबरमध्ये माजी प्रमुख रिचर्ड स्मिथ सिनेटच्या समितीपुढे साक्षीला बसले, तेव्हा त्यांच्या मागच्या रांगेत 'मोनोपॉली' खेळातला शेठजी बसला होता. काळी उंच टोपी, पांढऱ्या मिशा, एका डोळ्याला चष्मा. तो होता एक आंदोलक, आणि थेट प्रक्षेपणात तो दिसत राहिला.

२०१९ मध्ये ७० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. लोकांना सांगण्यात आलं, वाटल्यास १२५ डॉलर रोख घ्या. पण रोख रकमेसाठी राखून ठेवले होते फक्त ३ कोटी १० लाख डॉलर. दावे इतके आले की फेडरल ट्रेड कमिशनलाच जाहीर करावं लागलं, एवढे पैसे कोणाला मिळणार नाहीत. २०२० मध्ये अमेरिकेनं या चोरीसाठी चिनी लष्करातल्या चौघांवर आरोप ठेवले.

या १४ कोटी ७० लाख जणांपैकी बहुतेकांनी इक्विफॅक्सला आपण होऊन काहीच दिलेलं नव्हतं. त्यांना 'तुमची सेवा बंद करतो' असं म्हणायचीही सोय नव्हती. ही गोष्ट मला चोरीपेक्षा भयंकर वाटते.

एका देशाची मतदार यादी दुसऱ्या देशात

इक्विफॅक्समधूनच १९९७ मध्ये 'चॉइसपॉइंट' नावाची कंपनी वेगळी निघाली. २००३ मध्ये उघड झालं की तिनं मेक्सिकोतल्या साडेसहा कोटी मतदारांची आणि कोलंबियातल्या नागरिकांच्या ओळखपत्रांची माहिती विकत घेऊन अमेरिकी सरकारला वापरायला दिली होती. मेक्सिकोत गदारोळ झाला, चौकशी लागली आणि कंपनीनं ती माहिती आपल्या साठ्यातून काढली. दोन वर्षांनी तीच कंपनी पुन्हा बातम्यांत आली. भामट्यांनी छोट्या व्यावसायिकांच्या नावानं तिच्याकडे खाती उघडली आणि १ लाख ६३ हजार लोकांच्या फायली रीतसर पैसे मोजून नेल्या. कुलूप फोडावंच लागलं नाही.

आइसलँडनं काय केलं

डिसेंबर १९९८ मध्ये आइसलँडच्या संसदेनं कायदा केला: साऱ्या देशाच्या आरोग्यनोंदींचा एकच डेटाबेस होईल आणि तो चालवण्याचा परवाना खासगी कंपनीला मिळेल. २००० मध्ये तो 'डीकोड जेनेटिक्स'ला १२ वर्षांसाठी मिळाला. देशाची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आसपास. संमती गृहीत धरलेली, नको असेल त्यानं नाव काढून घ्यावं. सुमारे २०,००० लोकांनी काढून घेतलं.

एका मुलीनं वेगळीच मागणी केली: माझे वडील वारले आहेत, त्यांच्या नोंदी तुम्ही यात घालू नका. वडिलांच्या आजारांवरून माझ्याबद्दलही निष्कर्ष निघतात. अधिकाऱ्यांनी नकार दिला. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिच्या बाजूनं निकाल दिला. तो देशव्यापी डेटाबेस कधी उभाच राहिला नाही. डीकोडनं पुढे लोकांची रीतसर संमती घेऊन संशोधन केलं, आणि त्यात आइसलँडच्या लोकांनी मोठ्या संख्येनं आपणहून भाग घेतला. विचारलं तर लोक देतात, हे त्यातून दिसलं. २००९ मध्ये कंपनीनं दिवाळं काढलं, २०१२ मध्ये ती 'ॲमजेन' या अमेरिकी औषध कंपनीनं साडेएकेचाळीस कोटी डॉलरना घेतली.

आइसलँडमध्ये वंशावळींचाही एक डेटाबेस आहे, 'इस्लेंडिंगाबोक'. २०१३ मध्ये त्याचं ॲप निघालं. दोघांनी फोन एकमेकांना टेकवले की आपलं जवळचं नातं तर नाही ना, हे समजतं. छोट्या देशात लग्नाआधी हे कळलेलं बरं.

आपल्याकडे खासगी हातांतल्या वंशावळी जुन्याच आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे गाव आणि आडनाव सांगितलं की पणजोबांच्या हातची नोंद निघते. फरक असा की तिथे नोंद घरची माणसं स्वतः करतात आणि पुढच्या पिढीसमोर ती वही उघडली जाते. हरिद्वारच्या पंड्यांच्या अशा वह्यांचं अमेरिकेतल्या यूटामधल्या वंशावळ संस्थेनं मायक्रोफिल्मवर चित्रण करून ठेवलं आहे.

थुंकी आणि चेहरा

'ट्वेंटीथ्री अँड मी' कंपनीला लोकांनी छोट्या नळीत आपली थुंकी भरून पाठवली, तीही पैसे देऊन. पूर्वज कुठले, कोणत्या आजारांचा धोका, हे कळावं म्हणून. २०२३ मध्ये चोरांनी सुमारे १४,००० खाती उघडली, पण नातेवाईक शोधण्याच्या सोयीमुळे त्यांच्या हाती ६९ लाख लोकांची माहिती लागली. मार्च २०२५ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली आणि दीड कोटी लोकांचा जनुकीय साठा लिलावात निघाला. कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलनी नागरिकांना सल्ला दिला, आपला डेटा पुसून टाका. शेवटी संस्थापक ॲन वोजिस्की यांच्याच ना-नफा संस्थेनं साडेतीस कोटी डॉलरना तो घेतला. पासवर्ड गेला तर बदलता येतो. जनुकं बदलता येत नाहीत, आणि ती आपल्या एकट्याची नसतातही.

चेहऱ्याचं तेच. 'क्लिअरव्ह्यू एआय' या कंपनीनं इंटरनेटवरून लोकांचे फोटो उचलून चेहऱ्यावरून माणूस ओळखणारी यंत्रणा बनवली आणि पोलिसांना विकली. जानेवारी २०२० मध्ये बातमी फुटली तेव्हा साठा ३ अब्ज फोटोंचा होता. इटली, ग्रीस, फ्रान्सनं प्रत्येकी २ कोटी युरोचा दंड केला, २०२४ मध्ये नेदरलँड्सनं ३ कोटी ५ लाखांचा. लग्नातला, सहलीतला फोटो आपण चार लोकांसाठी टाकतो. त्याची परवानगी कोणीही विचारली नव्हती.

१,२२२ पानं

२०११ मध्ये व्हिएन्नातल्या माक्स श्रेम्स या कायद्याच्या विद्यार्थ्यानं युरोपातल्या कायद्याचा आधार घेऊन फेसबुकला विचारलं, माझ्याबद्दल तुमच्याकडे काय आहे? उत्तरादाखल सीडी आली. त्यात १,२२२ पानं! त्यानं पुसून टाकलेले संदेशही त्यात होते. त्यानं तक्रारी केल्या, खटले लढवले, आणि युरोप-अमेरिका माहिती-वाहतुकीचे दोन करार युरोपीय न्यायालयानं रद्द केले, पहिला २०१५ मध्ये, दुसरा २०२० मध्ये. सुरुवात एका साध्या पत्रानं झाली होती.

आता आपलं

फेसबुकवरची माहिती राजकीय प्रचारासाठी उचलणाऱ्या 'केंब्रिज ॲनालिटिका' कंपनीच्या प्रकरणातलं प्रश्नावलीचं ॲप भारतात फक्त ३३५ जणांनी घेतलं होतं. मित्रांच्या साखळीमुळे माहिती जाण्याची शक्यता होती ५ लाख ६२ हजार जणांची. हा आकडा फेसबुकनंच दिला. २०२१ मध्ये एअर इंडियाच्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती गेली. ती चोरी विमान कंपनीत झाली नव्हती, 'सिटा' या जिनिव्हाच्या तंत्रज्ञान कंपनीत झाली होती. तिकीट काढताना हे नाव किती जणांनी ऐकलं असेल? आणि २०२३ मध्ये सायबराबाद पोलिसांनी एका आरोपीला पकडलं, तेव्हा त्याच्याकडे ६६ कोटी ९० लाख व्यक्ती आणि संस्थांची माहिती १०४ गटांत लावून विक्रीला ठेवलेली होती, असं त्यांनी सांगितलं.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. खटला लढवला होता निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षानं लागू व्हायच्या आहेत. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. पण तो सरकारी तिजोरीत जातो, ज्याची माहिती गेली त्याला त्यातून काही मिळत नाही. हे बदललं पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

तोवर एक कपाट मात्र आजही उघडता येतं. कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या आपल्याकडे चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चौघींचीही भारतातली कार्यालयं मुंबईत आहेत. तुमची बँक चौघींना तुमच्या हप्त्यांची माहिती देते, आणि ३०० ते ९०० मधला तुमचा गुणांक त्यावरून ठरतो. बचत खात्यातली शिल्लक, मुदत ठेवी, शेअर यांचा त्यात काही संबंध नसतो, त्यामुळे 'बँकेत भरपूर पैसे आहेत, मग गुणांक कमी कसा?' हा प्रश्न अनेकांना पडतो. स्वतःचा अहवाल स्वतः मागवल्यानं गुणांक कमी होत नाही. ती भीती सोडून द्या.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार चौघींपैकी प्रत्येकीनं वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. तो कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच मागवा, मधल्या ॲपवरून नको, नाहीतर तुमची माहिती आणखी एका कपाटात जाईल. अहवालात न घेतलेलं कर्ज, फेडूनही 'बाकी' दाखवलेलं खातं, नामसाधर्म्यामुळे चिकटलेली दुसऱ्या कोणाची नोंद, असं काही आढळलं तर लेखी तक्रार करा आणि तारीख जपून ठेवा. ३० दिवसांत निवारण झालं नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळाली पाहिजे, असा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.